लाईन (मराठवाड्यातील अर्थ आणि वापर)

लाईन हा इंग्रजीतून आलेला आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत रोजच्या बोलण्यात असलेला स्त्रीलिंगी शब्द आहे. त्याचे अनेकवचन लाईनी, तर विभक्ती लागली की लाईनीत, लाईनीला, लाईनीवर अशी रूपे होतात. वीज, पाण्याचा पाईप, ठिबकची नळी, रेल्वेमार्ग, माणसांची रांग, गवंड्याची दोरी, शिक्षणाची शाखा आणि पोटापाण्याचा धंदा या सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. तरीही सहसा घोटाळा होत नाही, कारण अर्थ क्रियापदावरून कळतो. ‘लाईन आली’ म्हटले की वीज, ‘लाईन टाकली’ म्हटले की पाईप, ‘लाईन लागली’ म्हटले की माणसे. घोटाळा होतो तो दोन-तीन अर्थांना सारखेच लागू पडणाऱ्या क्रियापदांनी, आणि त्यात ‘बंद करणे’ सगळ्यांत धोक्याचे.

मूळ शब्द लॅटिनमधला. लिनम म्हणजे जवस आणि लिनिआ म्हणजे जवसाच्या तंतूचा दोरा. मराठवाड्यात जवस पिकते ते तेलासाठी आणि चटणीसाठी. दोऱ्याचा तो जुना अर्थ इथे फक्त गवंड्याच्या हातात शिल्लक आहे.

वीज

घरातला दिवा गेला तर बहुधा ‘लाईट गेली’ म्हणतात. मोटारीचा विषय निघाला की ‘लाईन’. शेतीपंपांना थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांची, वीज पाळीने मिळते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री, एका पाळीला साधारण आठ तास, असे वेळापत्रक असते. म्हणून ‘या आठवड्यात रातची लाईन हाय’ हे एकच वाक्य त्या घराची झोप, गव्हाचे पाणी आणि अंधारात बांधावरून चालण्याचा धोका एकदम सांगून जाते. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. सरकारी कागदावर ‘वाहिनी’ असते, बांधावर तिचीही ‘सोलरची लाईन’ होते.

उपकेंद्रातून निघणारी ती अकरा केव्हीची लाईन. डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, तिचा दाब उतरतो आणि पुढे शेतात जाते ती लघुदाबाची लाईन: दोन फेजमध्ये सुमारे 415 व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे 240. ‘एक लाईन उडाली’ असे कोणी म्हटले तर तीनपैकी एक फेज गेला, असे समजावे. अशा वेळी चालू मोटार थांबत नाही, ती घुमते आणि उरलेल्या दोन फेजमधून जास्त प्रवाह ओढू लागते. भार तोच राहिला तर हा प्रवाह नेहमीच्या पावणेदोनपटीच्या आसपास जातो आणि काही मिनिटांत मोटारीच्या आतले तारेचे वेटोळे (वाइंडिंग) जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर स्टार्टरला जोडलेला असेल तर मोटार वाचते. तो ‘उगीच ट्रिप होतो’ म्हणून काढून ठेवणारे बरेच आहेत. वारंवार ट्रिप होणे ही मात्र बहुतेकदा लाईनीची तक्रार असते, यंत्राची नव्हे.

दुसरी नेहमीची अडचण ऑटो स्विचची, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणाऱ्या स्विचची. लाईन आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून व्होल्टेज बसते, फ्यूज उडतात आणि आलेली लाईन परत जाते. प्रत्येकाने ऑटोला दोन ते पाच मिनिटांचा वेगवेगळा टायमर लावला तर हे टळते. कपॅसिटर बसवल्यानेही बराच भार हलका होतो.

इथे दोन वाक्ये नीट ओळखली पाहिजेत. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज कोणत्याही कारणाने गेली, ती कोणत्याही क्षणी येऊ शकते. ‘लाईन बंद घेतली’ म्हणजे उपकेंद्राला कळवून, परवानगी घेऊन, तोडजोडीचा स्विच उघडून पुरवठा मुद्दाम थांबवला. खांबावर हात लावायचा तो फक्त दुसऱ्या स्थितीत, तेही लाईन मेली आहे हे तपासून आणि तिला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी लावूनच, आणि तेही लाईनमनने. पहिल्या स्थितीत डीपीवर फ्यूज घालायला चढणे म्हणजे जीव लाईनीच्या वेळापत्रकावर सोडणे होय. बंद घेतलेल्या लाईनीतही एखाद्याच्या जनरेटरमधून उलटी वीज येऊ शकते, म्हणून साखळी सोडून चालत नाही.

पाईप आणि ठिबक

पाण्याची लाईन ‘टाकतात’. विहिरीपासून रानापर्यंत, आणि पैठण भागात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत, अशा लाईनी गेल्या आहेत. चर तीन फूट खोल ठेवतात, म्हणजे ट्रॅक्टरचा नांगर पोहोचत नाही. काळ्या रानात खोलीइतकीच भरावाची काळजी घ्यावी लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षीच्या या हालचालीने सांधे ओढले जातात. त्यासाठी पाईपच्या खाली-वर बारीक मुरूम किंवा चाळलेली माती भरावी. दगडगोटे थेट पाईपवर पडले तर तिथेच चीर जाते. पीव्हीसीचा सांधा करताना दोन्ही टोके कोरड्या फडक्याने पुसून, पॉलिश पेपरने खरबरीत करून सोल्युशन लावतात, पाईप पूर्ण आत दाबून थोडा फिरवतात आणि दाबाचे पाणी चोवीस तासांनंतरच सोडतात. संध्याकाळी सांधून रात्रीच्या लाईनीला मोटार चालू केली तर सकाळी चरात पाणी दिसते. चढाच्या माथ्यावर हवा अडकते, तिथे एअर व्हॉल्व्ह हवाच.

वर सांगितलेला घोटाळा होतो तो नेमका या ठिकाणी. रानातला माणूस फोनवर ‘लाईन बंद कर’ म्हणतो, त्याला मोटार बंद हवी असते. विहिरीवरचा माणूस वॉल, म्हणजे पाईपचा व्हॉल्व्ह, फिरवतो. मोटार चालूच, वाट बंद. मग दाब चढतो आणि कमजोर सांधा फुटतो. जाणती माणसे म्हणून ‘मोटार बंद कर’ किंवा ‘वॉल बंद कर’ असेच बोलतात, आणि एका वाफ्याचा वॉल बंद करण्याआधी दुसऱ्याचा उघडतात.

ठिबकच्या नळ्यांनाही लाईनीच म्हणतात. किती लागतील याचा हिशेब सोपा आहे. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. कपाशीला चार फुटांवर लाईन टाकायची तर 43,560 भागिले 4, म्हणजे 10,890 फूट, सुमारे 3,320 मीटर नळी. पाच फुटांवर टाकली तर सुमारे 2,655 मीटर. दर 40 सेंटिमीटरला ताशी चार लिटरचा ड्रिपर धरला तर चार फुटी एकरात 8,300 ड्रिपर होतात आणि ते तासाला 33,200 लिटर पाणी मागतात. तेवढे पाणी विहिरीचे वा बोअरचे नसेल तर एकराचे भाग पाडून आळीपाळीने चालवावे लागते, किंवा ताशी दोन लिटरचा ड्रिपर घ्यावा लागतो. हा हिशेब न करता सगळ्या लाईनी एकदम सोडल्या की शेवटची ओळ कोरडी राहते आणि दोष कंपनीला दिला जातो.

‘लाईन चोक झाली’ याची दोन कारणे असतात. गाळ व शेवाळ असेल तर फिल्टर उलटा धुऊन, नळ्यांची शेवटची बुचे उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडणे पुरते. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटे धरली असतील तर आम्ल सोडावे लागते. पाण्याचा सामू (पीएच) चारच्या जवळ येईल इतके आम्ल द्यावे, रात्रभर लाईनीत ठेवावे, दुसऱ्या दिवशी बुचे उघडून धुवावे. आम्ल पाण्यात ओततात; पाणी आम्लात कधीही ओतू नये. उंदीर-खारींनी कुरतडलेल्या नळीला जॉइनर हाच उपाय आहे, चिंधी बांधून दाब टिकत नाही.

रेल्वे

निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे मीटरगेज मार्ग झाला. पुढे तो ब्रॉडगेज झाला. ‘लहान लाईन’ आणि ‘मोठी लाईन’ हे शब्द त्या बदलातले. जमीन संपादनात गेली की ‘रान लाईनीत गेलं’ म्हणतात. बीडकरांनी हे वाक्य अहिल्यानगर–बीड–परळी मार्गासाठी अनेक वर्षे ऐकले.

लातूरला या शब्दाचे तीन अर्थ एकदा एकत्र आले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या लाईनीने पाण्याच्या वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, आल्या. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली. स्टेशनातून पाणी पाईपच्या लाईनीने पुढे गेले आणि गल्लीत टँकरपुढे घागरींची लाईन लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, म्हणजे ही लाईन कधी मोडेल याची प्रशासनालाही खात्री नव्हती.

इतर अर्थ

रांगेत माणूस उभा असलाच पाहिजे असे नाही. खताच्या दुकानापुढे चपला किंवा पिशव्या ‘लाईनीला लावून’ सावलीत बसतात आणि सहसा तो नंबर पाळला जातो. तुळजापूरला दर्शनाच्या वेगवेगळ्या लाईनी असतात. मुखदर्शनाची वेगळी असते, गर्दीच्या दिवशी ती आधी विचारून घ्यावी.

बांधकामात ‘लाईन आउट’ म्हणजे पायाची आखणी. खुंट्या ठोकून दोरी ताणतात आणि काटकोनासाठी एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतात; तिरके अंतर बरोबर पाच फूट आले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला. मोठ्या घराला नऊ, बारा, पंधरा घ्यावे, चूक कमी राहते. शेवटी दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे नसतील तर आखणीची फक्की (पांढरी भुकटी) टाकू नये. भिंत चढवताना लाईनदोरी विटेला चिकटू द्यायची नाही, केसभर अंतर ठेवायचे, नाहीतर एक पुढे आलेली वीट दोरीला ढकलते आणि पुढची सगळी ओळ तिच्यामागे जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या अनेक गावांत घरे सरळ लाईनीत, चौकटीने आखलेली दिसतात. जुन्या गल्लीबोळांची गावे तशी नव्हती.

‘दहावीनंतर कोणती लाईन?’ हा लातूर-नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांतला प्रश्न. उत्तर सायन्स, कॉमर्स किंवा आर्ट्‌स. ‘या लाईनीत पैसा नाही’ म्हणजे या धंद्यात. ‘लाईन मारणे’ म्हणजे पोरीच्या मागे लागणे, हे वडीलधाऱ्यांपुढे बोलत नाहीत. ऑनलाईन हे आता वेगळेच क्रियापद झाले आहे: ‘पीक विमा ऑनलाईन केला’ म्हणजे अर्ज भरून पावती हातात आली. केवळ माहिती भरून पैसे न भरता परत आलेल्याचे ‘ऑनलाईन झालेले’ नसते, हे सेवा केंद्रातून निघण्याआधी पाहावे.

पेरणीत मात्र हा शब्द शिरलेला नाही. तिफणीमागे पडतात ती तासं: चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर. त्याच तासाशेजारी ठिबकची नळी अंथरली की ती लाईन.