सोडून दिलेल्या वाड्यावरचं गवत

गुरं शिरली की रानातले चरणारे प्राणी तिथून हटतात, असं आपण धरूनच चालतो. पुष्कळदा ते खरंही असतं. लडाखमध्ये पाळीव कळप आल्यावर अर्गाली ही रानमेंढी चांगलं कुरण सोडून कड्यांजवळच्या खुरट्या गवतावर गेल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. पण केनियातल्या लायकिपिया पठारावर याच्या नेमकं उलट घडतं, आणि ते मला विलक्षण वाटतं.

तिथले पशुपालक रात्री गुरं काटेरी कुंपणाच्या वाड्यात कोंडतात. त्याला ‘बोमा’ म्हणतात. गुरं दिवसभर लांबवर चरतात आणि रात्री एकाच जागी शेण टाकतात. पुढे बोमा दुसरीकडे हलतो आणि मागे शेणाचा जाड थर उरतो. कालांतराने त्यावर दाट, आखूड गवत धरतं. झुडपी रानात ही मोकळी हिरवळ कित्येक दशकं टिकते.

इतकी वर्षं कशी? तर फॉस्फरसमुळे. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि बराच नायट्रोजन हवेत उडून जातो. फॉस्फरसला ही पळवाट नाही. तो मुख्यतः शेणातून येतो आणि मातीतल्या कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियमशी बांधला जातो. तिथून मुळं तो जराजरा करून उचलतात. ते गवत खायला इम्पाला हरणं येतात, तिथेच लेंड्या टाकतात, आणि फॉस्फरस पुन्हा मातीत जातो. पाजणाऱ्या मादीला दुधासाठी तो भरपूर लागतो. आसपासच्या झुडपी रानातलं गवत तिची ही गरज भागवत नाही, जुन्या बोमावरचं भागवतं. शिवाय मोकळ्यावर बिबट्या दुरून दिसतो.

2018 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार नैऋत्य केनियातल्या प्राचीन पशुपालकांच्या वस्त्यांची माती तीन हजार वर्षांपर्यंत अशी कसदार राहिली आहे.

हे वाचून ‘गुरं वाढवा, ओसाड जमीन आपोआप हिरवी होईल’ असा प्रचार कुणी करू लागला तर त्याला भुलू नये. गुरं फॉस्फरस निर्माण करत नाहीत. भोवतालच्या मोठ्या कुरणातून वेचून तो एका ठिपक्यात आणतात, म्हणजे कुरणाच्या वाट्याचा तेवढा कमी होतो. आणि बोमा नांदता असेपर्यंत तिथे हिरवळ नसतेच, असते ती तुडवलेली माती आणि शेण. इम्पाला येतात ते गुरं निघून गेल्यावर.