विकेंद्रित समाजमाध्यमे

एका कंपनीच्या मालकीच्या यंत्रणेऐवजी अनेक व्यक्ती व संस्थांच्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या आणि समान प्रोटोकॉलने (संगणकांच्या परस्परसंवादाच्या ठरलेल्या नियमांनी) एकमेकांशी जोडलेल्या संवादव्यवस्थांना विकेंद्रित समाजमाध्यमे म्हणतात.

युजनेट हे चर्चागटांचे संगणकीय जाळे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे आरंभीचे उदाहरण होय. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९मध्ये त्याची कल्पना मांडली आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांच्या साहाय्याने पहिले संगणक जोडले गेले. एक संगणक दुसऱ्याला मोडेमवरून फोन लावी, बहुधा रात्री दर कमी असताना, आणि आपल्याकडे आलेले नवे संदेश त्याच्या हवाली करी. तो ते पुढच्याला देई. प्रत्येक ठिकाणी संदेशांची स्वतंत्र प्रत राहत असल्यामुळे सगळ्यांवर हुकूम चालवणारे केंद्र नव्हते आणि कोणते चर्चागट ठेवायचे, हे ज्या-त्या ठिकाणचा व्यवस्थापक ठरवी. परदेशस्थ मराठी भाषकांनाही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट लाभला होता. तेथे मराठी बहुधा रोमन लिपीत लिहिली जाई.

दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि जुने सदस्य त्यांना गटाचे शिष्टाचार शिकवीत. १९९३-९४च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यावसायिक सेवांचे ग्राहक लोंढ्याने येऊ लागल्यावर ही शिकवण पुरी पडेना. त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ हे नाव पडले. एप्रिल १९९४मध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डाविषयीची (अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्याविषयीची) जाहिरात हजारो गटांत टाकली, तेव्हा परस्परविश्वासावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेची दुर्बलता उघड झाली. पुढे डेजा न्यूज या शोधसेवेने जमवलेला युजनेटचा संग्रह २००१मध्ये गूगलने विकत घेतला, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये गूगल ग्रुप्सने युजनेटवरील नव्या मजकुराची देवाणघेवाण थांबवली.

कंपन्यांकडून असणारा धोका एक्सएमपीपी या खुल्या संदेशन-प्रोटोकॉलच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसतो. जेरेमी मिलर यांच्या जॅबर प्रकल्पातून तो घडला. २००५मध्ये गूगल टॉक या गूगलच्या संदेशसेवेने तो स्वीकारला आणि २००६मध्ये बाहेरच्या सर्व्हरांशी संपर्कही खुला केला. छोटे सर्व्हर चालवणाऱ्यांना हा मोठाच आधार वाटला, कारण त्यांचे सदस्य आता जीमेलवरील आप्तमित्रांशी बोलू शकत होते. मात्र २०१३मध्ये गूगल टॉकच्या जागी आलेल्या हँगआउट्समध्ये हा संपर्क ठेवला गेला नाही. प्रोटोकॉलचा मसुदा सर्वांसाठी खुलाच होता. पण ज्यांच्याशी बोलायचे ते बहुतेक लोक एकाच कंपनीच्या दाराआड असल्याने ते दार लागताच छोट्या सर्व्हरांवरच्यांना संबंध टिकवण्यासाठी गूगलचे खाते उघडावे लागले. केवळ खुल्या मानकाच्या भरवशावर राहणे त्यामुळेच अपुरे ठरते.

हाच अनुभव डोळ्यांपुढे ठेवून फेडिव्हर्समध्ये, म्हणजे आजच्या अशा परस्परांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात, मोठ्या कंपनीशी जोडले जावे का, यावर २०२३पासून वाद झडत आहे. यूजेन रोचको यांनी २०१६मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे छोट्या नोंदींचे समाजमाध्यम आणि तत्सम सेवा अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलने जोडलेल्या आहेत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८मध्ये त्याला मानक म्हणून मान्यता दिली. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या थ्रेड्स या समाजमाध्यमाने जुलै २०२३मध्ये अवतरताच काही दिवसांतच १० कोटी सदस्य नोंदवले आणि फेडिव्हर्सशी जोडले जाण्याचा मनोदय जाहीर केला. कित्येक सर्व्हरचालकांनी थ्रेड्सशी संबंध न ठेवण्याचे ठरवले, तर इतरांना वाचकवर्ग वाढण्याची ही संधी वाटली. सर्व्हरागणिक वेगळा निर्णय घेता येणे, हे या रचनेचे खरे बळ होय. सदस्याला मात्र हे स्वातंत्र्य अजून अर्धेच मिळाले आहे: मॅस्टोडॉनवरील खाते दुसऱ्या सर्व्हरवर नेल्यास अनुयायी सोबत येतात, जुने लेखन मागेच राहते.