टेकडीवरचा इथिओपिया

वेताळ टेकडीवर सकाळी आमच्याबरोबर एक डॉक्टरकाका असतात, सत्तरीकडे झुकलेले. कोथरूडमध्ये आयुष्यभर दवाखाना चालवला, पण त्याबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतात. सत्ताविसाव्या वर्षी, १९८५च्या दुष्काळात, स्वयंसेवक म्हणून इथिओपियात काढलेले आठ महिने मात्र खाणीपर्यंत जाऊन परत आलो तरी संपत नाहीत.

यात काकांचा दोष नाही. उतारवयातल्या लोकांना आठवणी सांगायला लावून त्या वयानुसार मांडल्या, तर साधारण दहा ते तीस या वयात उंचवटा दिसतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी तो १९८६ मध्ये नेमका मांडला. ‘पहिल्यांदाच’ घडणाऱ्या गोष्टी या वयात जास्त, आणि आपण कोण हेही याच काळात ठरत असतं. त्यात परका देश, परकी भाषा आणि रोज समोर मरण. भावना तीव्र झाली की मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन वाढतं आणि अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला भाग शेजारच्या, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडून ती नोंद पक्की करून घेतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही १९३८ मध्ये चीनला निघाले तेव्हा सत्तावीसचेच होते. १९४२ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची गोष्ट इतरांनाच सांगावी लागली.

काका छावणीतले आकडे सांगत नाहीत. सांगतात ती एका मुलीची गोष्ट: कुपोषण ओळखण्यासाठी दंडघेर मोजायची पट्टी (आपल्या अंगणवाडीत असते तीच), आणि तिच्या हातातला लाल पेला. हेही उगाच नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिकत वाचून लोकांनी जितके पैसे दिले, तितके लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचून दिले नाहीत. गंमत म्हणजे हकिकतीला आकडेवारी जोडली तर दान घटलं!

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काकांच्या आईने जपलेली निळी हवाई पत्रं सापडली. त्यात मुलगी नव्हतीच, मुलगा होता. पेल्याचा तर उल्लेखही नाही.

काका खोटं बोलत होते का? मुळीच नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२ मध्येच दाखवलं होतं की ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणूस तिला आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. पुढे २००० मध्ये मेंदूशास्त्रज्ञ करीम नादर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्या कच्चेपणात तिच्यात नवं काही मिसळू शकतं, असं मानलं जातं. म्हणजे जी गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगितली, तिलाच बदलायची संधी जास्त. म्हणून माझं मत असं, की मदतकार्याला निघालेल्यानं वही जरूर न्यावी.

पत्रं सापडल्यावर काका दोन दिवस टेकडीवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि गोष्ट सुरू केली, “ती मुलगी... म्हणजे मुलगा.” थोडं चालून थांबले.

“पेला लालच होता पण.”