पेनचा टॅब घेताय? आधी पेन बघा, मग टॅब

दुकानात आठवड्याला दोन-तीन जण तरी येतात, "झिलाक चित्रा काढूची हत, स्वस्तातलो टॅब खयचो बरो?" (मुलाला चित्रं काढायचीत, स्वस्तातला टॅब कुठला बरा?) कुणाचा मुलगा चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेला असतो, कुणी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, रंगकाम करतो, कुणाला दशावताराचे बॅनर घरीच करायचेत, चित्रकथीच्या पिंगुळीकडची पोरंपण येतात. कुडाळात आमचं दुकान लहान, गर्दीच्या वेळी प्रत्येकाला नीट वेळ देता येत नाही, म्हणून जे रोज तोंडी सांगतो तेच इथं लिहून काढलंय.

स्क्रीनवर बोट चालतं म्हणजे पेनपण चालणार, असं नसतं. शे-दोनशे रुपयांत रबरी टोकाचा नाहीतर पारदर्शक चकतीचा जो स्टायलस मिळतो तो टॅबच्या लेखी निव्वळ एक बारीक बोट, दाबून ओढा नाहीतर अलगद ओढा, रेघ एकाच जाडीची, आणि तळहात टेकला की तिथंपण रेघ. खऱ्या पेनसाठी टॅबमध्ये तशी सोय कारखान्यातच केलेली लागते, तेव्हा टोक कुठं आहे आणि किती दाबलंय हे त्याला कळतं. ही सोय मागाहून ॲप टाकून येत नाही. सॅमसंगचंच घ्या, गॅलॅक्सी टॅब ए७, ए८, ए९ वर एस पेन, म्हणजे सॅमसंगचा स्वतःचा पेन, चालत नाही, पण २०२० साली आलेल्या एस६ लाइटबरोबर पेन बॉक्समध्येच येतो आणि त्या पेनला चार्जिंगपण लागत नाही. दिसायला दोन्ही टॅब सारखेच, पण चित्रासाठी एक कामाचा आणि दुसरा पिक्चर बघायला.

ॲपलवाल्यांनी तर अजून घोळ घातलाय. त्यांच्या पेनाला पेन्सिल म्हणतात. २०१८ च्या साध्या आयपॅडपासून पहिली पेन्सिल चालायला लागली आणि ती दाब ओळखते, पण २०२३ मध्ये जी यूएसबी-सी वाली स्वस्त पेन्सिल आली ती दाब ओळखतच नाही. नोट्स लिहायला छान आहे. चित्र काढणाऱ्यानं पैसे वाचवायला म्हणून ती घेतली तर नंतर हळहळत बसेल, आमच्याकडं असे दोघं येऊन गेलेत. आणि एका कंपनीचा पेन दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर चालेल हे धरून चालू नका, आतली पद्धत वेगळी असते. नुसता पेन हरवला म्हणून येणाऱ्यांनी टॅबचं मॉडेल लिहून आणा.

आता बॉक्सवर ४०९६ नाहीतर ८१९२ असा आकडा ठळक छापलेला असतो, तो दाबाच्या पायऱ्यांचा. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका, २०४८ आणि ८१९२ मधला फरक हाताला कळायला कठीण. पेन किती हलका टेकला की रेघ सुरू होते, ते मात्र लगेच कळतं. काही पेन जरा जोर लावल्याशिवाय उमटतच नाहीत आणि मग भुवईचा केस काढायला गेलात की ठिपका पडतो. म्हणून दुकानात आलात की पट्टी धरून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा, गोगलगाय चालते तशी. रेघ सरळ आली तर बरं, सापासारखी वळवळली तर तो टॅब तिथंच ठेवा, मग आमच्याकडचा असला तरी.

बजेट खरंच कमी असेल आणि घरी लॅपटॉप असेल तर आमचं प्रामाणिक मत, टॅब घेऊच नका, बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट घ्या. काळी पाटी असते, यूएसबीला जोडायची, पाटीवर काढायचं आणि समोर स्क्रीनवर बघायचं. तीन-चार हजारांच्या आसपास सुरुवात होते, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन तिघांचेही आहेत. वॅकॉमचा सगळ्यात छोटा साधारण ६ बाय पावणेचार इंचांचा, नुसतं मनगट फिरवून काढणाऱ्याला पुरतो, पण ज्याचा हात खांद्यातनं फिरतो, म्हणजे दुकानांच्या पाट्या-बॅनर रंगवलेला माणूस, त्यानं १० बाय सव्वासहा इंचांचाच घ्यावा. पहिले आठ-पंधरा दिवस वैताग येतो, हात खाली आणि नजर वर, होडी हाकायला शिकताना होतं तसं. ड्रायव्हरच्या, म्हणजे पाटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये पाटीचं आणि स्क्रीनचं लांबी-रुंदीचं प्रमाण सारखं करून घ्या, नाहीतर गोल काढायला जाल आणि अंडं येईल. दाब चालेना झाला तर पेनला दोष देण्याआधी विंडोज इंक, म्हणजे विंडोजमधली पेनाची सोय, चालू-बंद करून बघा, तक्रारीचे निम्मे फोन तिथंच मिटतात. काही पाट्या मोबाईललापण जोडता येतात, पण उभ्या मोबाईलवर पाटीचा छोटा पट्टाच चालतो, त्या भरवशावर मोठी पाटी घेऊ नका.

सॉफ्टवेअरला पैसे घालायची सुरुवातीला गरजच नाही, क्रिटा फुकट आहे आणि चांगलं आहे. पण रॅम बघा. दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, धरला तरी ८६४० बाय ४३२० पिक्सेल होतात, म्हणजे एक भरलेला लेअर (चित्राचा एकावर एक ठेवायचा थर) दीडशे एमबीच्या आसपास. दहा लेअर केलेत की दीड जीबी गेली, शिवाय अनडूची वेगळी. ४ जीबीच्या लॅपटॉपवर हे काम म्हणजे रिक्षात बांधकामाचे चिरे भरणं, ८ तरी हवी. आणि फ्लेक्सला ३०० डीपीआय लावू नका, तो लांबून बघायचा असतो, ३०० ठेवा ए३ प्रिंटसाठी.

सेकंडहँडबद्दल बरेच विचारतात. लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये एक्स२३० टॅबलेट म्हणून मॉडेल होतं, साडेबारा इंची, स्क्रीन फिरवून पाटीसारखी आडवी होते आणि आत वॅकॉमचंच तंत्र. जड आहे, पण रेघ सुरेख. मायक्रोसॉफ्टचे सरफेस प्रो पहिला आणि दुसरा वॅकॉमवाले, तिसऱ्यापासून म्हणजे २०१४ पासून पद्धत बदलली, तिथं ती सावकाश तिरकी रेघ नक्की ओढून बघा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत आणि या जुन्या मशिनांवर ११ रीतसर चढत नाही, आम्ही लिनक्स टाकून देतो, क्रिटा त्यावर झकास पळतं. जुनं घेताना पेन चारही कोपऱ्यांत फिरवा. आम्हीच एकदा बाहेरून एक मशीन मागवलं होतं, मधे लोण्यासारखं आणि उजव्या कोपऱ्यात पेन एक बोट बाजूला उमटायचा, ते अजून आमच्याकडं बिलं करायला वापरतोय. मागचं कव्हर किंचित जरी फुगलेलं दिसलं तरी घेऊ नका, बॅटरी सुजलेली असते.

आपल्याकडच्या हवेचं वेगळंच. मे महिन्यात हाताला एवढा घाम की तळवा काचेला चिकटतो आणि रेघ अडखळते, त्यासाठी दोन बोटांचा ग्लोव्ह मिळतो, नाहीतर जुना सुती मोजा कापा, चालतो. पावसात टॅब झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चार्जिंगचा पोर्ट झाकून ठेवा, खाऱ्या हवेनं हिरवट झालेले पोर्ट दर ऑगस्टात येतात दुरुस्तीला. लाईट जाते हेपण धरून चला. बॅटरीचा टॅब असेल तर निवांत, पण स्क्रीनवाला पेन डिस्प्ले, म्हणजे लॅपटॉपला जोडून थेट स्क्रीनवरच काढायची पाटी, घ्यायच्या आधी विचार करा, त्याला बहुतेक वेळा वेगळी वीज लागते आणि शिवाय मागं लॅपटॉप, म्हणजे लाईट गेली की काम अर्धवट. खरखरीत स्क्रीनगार्ड कागदासारखा वाटतो पण पेनाची निब, म्हणजे टोक, खातो, जास्तीच्या निबा बॉक्समध्ये किती आहेत ते मोजून घ्या.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून कधीही या, दुपारी एक ते चार नको. डेमोचे पेन ठेवलेत, बसून अर्धा तास काढून बघा, घेतलं नाही तरी चहा मिळेल. पाटी बघायला येणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप आणा, चार्जरसकट.