दातातल्या मूळपेशी आणि बेताचा उजेड

सोलापुरात दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘लेझर’ हा शब्द आता सर्रास दिसतो. खुर्चीत बसल्यावर मात्र बहुतेकांची गाठ पडते ती निळ्या दिव्याशी. तो दिवा दातात भरलेला मसाला कडक करण्यापुरता; पेशींशी त्याला देणंघेणं नाही. पेशींना चालना देतो असं ज्याबद्दल म्हणतात तो कमी शक्तीच्या लेझरचा प्रकाश लाल, किंवा त्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. जाडसर पेनासारख्या नळीतून तो हिरडीवर सोडतात. फारसं काही जाणवतही नाही, पण गॉगल पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही घालावा लागतो.

उजेडाने रोग बरा करण्याची कल्पना लेझरपेक्षा जुनी आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन या डॉक्टरांना 1903 साली नोबेल मिळालं. आजच्या पद्धतीचा धागा मात्र बुडापेस्टला जातो. 1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेझर तयार केला आणि काही वर्षांतच कॅन्सरच्या गाठी त्याने जाळता येतील का, याचे प्रयोग सुरू झाले. बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनीही उंदरांचे केस भादरून लेझर सोडला. त्यांचं यंत्र त्या मानाने बरंच कमजोर होतं. कॅन्सरवर परिणाम दिसला नाही, पण भादरलेल्या जागी केस भराभर उगवले! 1967 च्या सुमाराची ही गोष्ट. यंत्र जोरकस असतं तर हे कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच बेताचा प्रकाश वापरला. तो पेशीत नेमका कुठे शोषला जातो, याचा माग रशियाच्या टीना कारू यांनी काढला आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराकडे बोट दाखवलं.

दातांची गोष्ट तोवर वेगळ्याच वाटेने चालली होती. 2000 साली अमेरिकेत स्टॅन ग्रॉन्थोस आणि साँगताओ शी यांच्या गटाने काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या गरातून, म्हणजे आतल्या मऊ भागातून, मूळपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या) वेगळ्या केल्या. तीन वर्षांनी दुधाच्या दातांतही त्या सापडल्या. शी यांना ही कल्पना स्वतःच्या मुलीचा दात पडला तेव्हा सुचली, असं सांगतात. आपल्याकडे तो दात पत्र्यावर भिरकावून मोकळं व्हायची रीत! आता तो जपून ठेवायचं पॅकेज विकणारेही भेटतात. त्यांच्यासमोर एवढंच ठेवावं: भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेचं रक्त सोडून इतर कशाचीही व्यावसायिक साठवण चालत नाही, आणि त्यात दातांचा गरही आला.

दोन्ही वाटांची ठळक भेट झाली 2014 मध्ये. हार्वर्डमध्ये प्रवीण अरनी, डेव्हिड मूनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरल्या, आतल्या गरावर कमी शक्तीचा लेझर सोडला आणि वरून तात्पुरतं झाकण बसवलं. बारा आठवड्यांनी तपासलं तेव्हा डेंटिन, म्हणजे दाताच्या कवचाखालचा कठीण थर, जास्त तयार झालेला दिसला. अख्खा दात उगवला नव्हता. बातम्यांचे मथळे मात्र तसेच होते. कामाचा भाग होता तो कारणाचा: प्रकाशाने ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात, ते टीजीएफ-बीटा या निद्रिस्त प्रथिनाला जागं करतात आणि ते प्रथिन मूळपेशींना डेंटिनच्या कामाला लावतं.

त्यानंतर काचेच्या बशीतल्या पेशींवर ढिगाने प्रयोग झाले. काहींत पेशी झपाट्याने वाढल्या, काहींत ढिम्म राहिल्या, काहींत उलट मंदावल्या. गोंधळाचं मोठं कारण मात्रा. तरंगलांबी किती नॅनोमीटर, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा, किती वेळ, किती बैठका, हे प्रत्येकाचं वेगळं. थोडक्या ज्यूलला जी पेशी तरतरीत होते, तीच जास्त दिले की दबते. त्यामुळे नुसतं ‘लेझर देतो’ म्हणण्याला, माझ्या मते, ‘गोळी देतो’ म्हणण्याइतकाच अर्थ आहे.

माणसाच्या तोंडात या प्रकाशाचा पाया सगळ्यात पक्का आहे तो भलत्याच ठिकाणी. केमो किंवा रेडिएशनमुळे तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही, ते टाळण्यासाठी ठरावीक पेशंटना तो द्यावा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या भागात ही गरज दुधाच्या दातांपेक्षा जवळची. तिथे मूळपेशींचा दावा कुणी करत नाही. प्रत्येक जागी किती ज्यूल द्यायचे, ते मात्र ठरवून दिलेलं असतं.