वय कागदावरचं आणि वय अंगातलं: मुलांची वाढ आणि खेळ, मागचा इतिहास

मागच्या जुलैतली गोष्ट. १४ वर्षांखालची फुटबॉल टीम निवडायची होती, सकाळीच पाऊस होऊन गेलेला, गोलपोस्टसमोर नुसता चिखल, आणि माझ्यासमोर दोन पोट्टे उभे. दोघंही आठवीतले, दोघांच्या जन्मतारखेत फक्त ९ दिवसांचं अंतर. एकाला मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय, किक मारली की गोलकीपर आपसूक बाजूला होतो. दुसरा त्याच्या खांद्याला लागतो, जर्सी मांडीपर्यंत येते, बॉल मात्र पायाला चिकटल्यासारखा घेऊन जातो, पण कुणी खांदा लावला की पडलाच. सोबत निवडीला बसलेले सर म्हणाले, "मॅडम, याला काहून घेऊन राहिल्या, हा टिकणार नाही." कागदावर दोघं एकाच वयाचे. अंगानं बघाल तर दोघांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असेल.

२२ वर्षं झाली मला नागपुरात शाळेत पीटी शिकवायला, आणि माझं मत आता पक्कं झालंय की मुलांच्या खेळाबद्दल, फिटनेसबद्दल, जाड-बारीक असण्याबद्दल आपण जे निकाल देतो ना, त्यातले कितीतरी चुकतात कारण आपण जन्मतारीख बघतो आणि वाढ बघत नाही. हे काही माझं डोकं नाही, यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, तो वाचत गेले तेव्हा आधीची कितीतरी वर्षं आठवून वाईट वाटलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात फ्रान्समधली. गेनो द माँबेयार नावाच्या गृहस्थानं १७५९ मध्ये मुलगा झाल्यापासून १७७७ पर्यंत, म्हणजे पोरगा जवळपास १८ चा होईपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून ठेवली. एका बापानं एका पोराची. त्याचा मित्र ब्युफाँ, त्या काळचा मोठा निसर्गअभ्यासक, त्यानं हे आकडे आपल्या ग्रंथात छापले. एकाच मुलाची जन्मापासून मोठं होईपर्यंतची अशी नोंद याआधीची माहीत नाही. रात्री झोपून उठल्यावर उंची थोडी जास्त भरते आणि दिवसभराच्या धावपळीनंतर थोडी कमी, हेही तेव्हाच लक्षात आलेलं. पुढे १९२७ मध्ये स्कॅमन नावाच्या अमेरिकन माणसानं ते आकडे आलेखावर मांडले आणि पोरगं दरवर्षी किती वाढलं हे चित्र समोर आलं: लहानपणी झपाट्यानं, मग हळू, मग वयात येताना एकदम उसळी, मग थांबलं. आज डॉक्टरकडे जो वाढीचा तक्ता दिसतो त्याचं मूळ त्या एका पोराच्या नोंदीपर्यंत जातं.

मग आल्या गिरण्या. इंग्लंडमध्ये १८३३ चा फॅक्टरी कायदा झाला, ९ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरणीत घ्यायचं नाही, ९ ते १३ च्या मुलांना दिवसाला ९ तासांच्या वर राबवायचं नाही. पण पोरगं ९ चं आहे की ७ चं, ठरवणार कसं, सरकारी जन्मनोंदणीच तिथं १८३७ मध्ये सुरू झाली. मग उंची बघायची असं कुणी सुचवलं, एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं हजारावर मुलांचे दात तपासून सांगितलं की उंचीपेक्षा दात जास्त खरं बोलतात. हे वाचताना मला आपल्याकडचं १ जून आठवलं. माझ्या बाबांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून, त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जून, गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजानं टाकलेली. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्याच्या आधीच्या पिढीत अशी किती माणसं सापडतील. म्हणजे कागदावरचं वय ही गोष्टच मुळात अलीकडची, आणि आपण तिच्यावर एवढा भरवसा टाकून बसलोय.

१८७० च्या दशकात बॉस्टनमध्ये बाउडिच नावाच्या डॉक्टरनं शाळेतल्या हजारो मुलांची उंची-वजन घेतलं तर दिसलं की साधारण १२ ते १४ या वयात मुली मुलांपेक्षा उंच आणि वजनदार असतात. आपल्या आज्यांना हे माहीतच होतं म्हणा, "पोरी भरभर वाढतात" हे वाक्य घरोघरी आहे, पण आता ते आकड्यात आलं. पुढे १८९० च्या दशकात फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञांनी खरी नस पकडली. ते म्हणाले प्रत्येक मुलाच्या वाढीची स्वतःची लय असते, गाण्यात जशी विलंबित आणि द्रुत असते तशी, कुणी लवकर पोचतो कुणी उशिरा, आणि एकाच वयाची मुलं एकत्र मोजली की ही लय सरासरीत हरवून जाते.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस म्हणजे वॉर्ड क्रॅम्प्टन, कारण तो आमच्याच धंद्यातला, न्यूयॉर्कच्या शाळांमधलं शारीरिक शिक्षण बघायचा. त्यानं मुलांचे तीन गट केले, वयात न आलेले, येत असलेले आणि आलेले, आणि १९०८ मध्ये लिहिलं की ताकद, उंची, वजन हे सगळं जन्मतारखेपेक्षा या गटांशी जास्त जुळतं, त्यामुळे शाळेत, खेळात, मजुरीच्या कायद्यात सगळीकडे शरीराचं वय धरा. ११५ वर्षांच्या वर होऊन गेली. आमच्या स्पर्धांच्या फॉर्मवर अजून फक्त जन्मदाखल्याचा रकाना आहे.

एक्स-रेचा शोध १८९५ चा, त्यानं शरीराचं वय बघायची खिडकीच उघडली. हाताच्या आणि मनगटाच्या हाडांच्या टोकाशी कूर्चा असते, ती हळूहळू हाड बनत जाते, त्यावरून वाढ किती झाली किती उरली हे कळतं. ग्रॉयलिश आणि पाइल यांचा हातांच्या एक्स-रेचा संग्रह १९५० मध्ये आला, तो आजही डॉक्टर वापरतात. इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर यांनी हार्पेन्डनच्या बालगृहातल्या मुलांना १९४० च्या दशकाच्या शेवटापासून १९७१ पर्यंत वर्षानुवर्षं मोजलं, वयात येण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्या आज जगभर त्यांच्याच नावानं चालतात. त्या मुलांचे उघड्या अंगाचे फोटो काढले जायचे, आणि त्यांच्या होकाराचा विचार आजच्यासारखा झाला नव्हता, हेही सांगायला पाहिजे, ज्ञान त्यांच्या अंगावरून आलंय. हाताच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढायच्या त्यांच्या टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीची तिसरी आवृत्ती, टीडब्ल्यू३, आपल्या बीसीसीआयनं १६ वर्षांखालच्या मुलांचं वय तपासायला घेतली. वयचोरी थांबावी म्हणून, हेतू चांगलाच. पण हाडाचं वय म्हणजे जन्माचं वय नव्हे ना. लवकर वाढणारं खरंखुरं १५ चं पोरगं तिथं १६ च्या वर निघू शकतं, त्याच्या घरच्यांना हे कोण समजावून सांगणार?

आता हालचालीकडे येते. लहान मुलं पुरेशी हालत नाहीत ही ओरड तशी नवीन आहे, पूर्वी मुलांकडून काम किती घ्यावं हा प्रश्न होता. १९५० च्या दशकात क्राउस आणि हिर्शलँड यांनी सहा साध्या हालचालींची टेस्ट घेतली, अमेरिकेतली अर्ध्याहून जास्त मुलं नापास, युरोपातली १० टक्क्यांहून कमी. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हादरले आणि १९५६ मध्ये मुलांच्या फिटनेससाठी कौन्सिल नेमली. तिथून शाळाशाळांत फिटनेस टेस्ट आल्या, आपल्याकडे आज ५० मीटर, ६०० मीटर, सिट अँड रीच (बसून पुढे वाकायचं), बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) हे जे घेतो ते त्याच घराण्यातलं. आणि सगळीकडे मार्क वयानुसार. उशिरा वाढणारा मुलगा ५० मीटरला मागे पडतो, त्याला वाटतं आपण कच्चे आहोत, आणि तो मैदानावर यायचंच सोडतो. मी स्वतः असे किती जण घालवले असतील कोण जाणे.

मुलींचं तर त्याहून वाईट. २०१६ च्या आकड्यांवर जागतिक आरोग्य संघटनेनं हिशोब काढला तर ११ ते १७ वयाची जगातली ८१ टक्के मुलं रोज एक तास सुद्धा नीट हालत नाहीत, मुलींमध्ये ८५ टक्के. सगळे म्हणायचे पोरींना आवडच नसते. कॅनडातल्या सास्काचेवानमध्ये संशोधक १९९१ पासून मुलांना वर्षानुवर्षं मोजत होते, त्यांनी २००३ मध्ये एक साधी गोष्ट केली, मुलामुलींची तुलना वयावरून न करता उंचीची उसळी कधी आली त्यावरून केली, म्हणजे उसळीच्या एक वर्ष आधी, उसळीच्या वर्षी, एक वर्ष नंतर असं. आणि मुलगा-मुलगी हा फरक जवळपास गेलाच! मुली दोनेक वर्षं आधी वाढतात म्हणून दोनेक वर्षं आधी त्यांचं खेळणं कमी होताना दिसतं, मुलांचंही होतं, फक्त नंतर.

पण आपल्याकडे शरीराच्या भरीला आणखी काही असतं. सातवीतली माझी खो-खोची एक मुलगी, पोल मारण्यात तिच्यासारखी कुणी नाही, दिवाळीनंतर येईनाशी झाली. घरी गेले तर तिची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मॅडम, आता मोठी झाली ना ती." तेवढंच. आपल्या भाषेत वयात येणं आणि मैदान सुटणं एकाच वाक्यात बसतं. मी त्या माउलीला दोष देत नाही, मैदानावर धड बाथरूम नाही, येताना रस्त्यावर टवाळ पोरं, तिनं काय करावं.

आणि नेमकं ह्याच वर्षांत हाडांना खेळ सगळ्यात जास्त हवा असतो. त्याच सास्काचेवानच्या अभ्यासात निघालं की मोठ्या माणसाच्या हाडांत जेवढं खनिज असतं त्यातलं सुमारे २६ टक्के या उसळीच्या आसपासच्या फक्त दोन वर्षांत भरतं. फिनलंडमध्ये टेनिस-स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात तपासले, १९९५ मध्ये आलं ते, ज्यांनी पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा त्या सुमारास खेळणं सुरू केलं त्यांच्या खेळत्या हाताच्या हाडातला फरक उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा साधारण दुपटीनं जास्त. म्हणजे "मोठी झाली" म्हणून बसवलेल्या पोरीच्या साठीतल्या हाडांचा हिशोब आपण सातवीतच बिघडवतो.

पालक मला विचारतात, मॅडम लटकल्यानं उंची वाढते का, बास्केटबॉलला टाकू का. नाही हो, खेळानं उंची वाढते किंवा उसळी लवकर येते असं इतक्या वर्षांच्या अभ्यासात दिसलेलं नाही, उंच मुलं बास्केटबॉलला टिकतात म्हणून तसं वाटतं. हाडं, स्नायू, दम, हे मात्र नक्की कमावता येतं.

वजनाचंही असंच. दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये छापलं गेलं की तिशीत ज्यांची साखर बिघडली ते १२ व्या वर्षी लठ्ठ नव्हतेच. बाळपणी बारीक होते, मग पाच-सहाच्या सुमारास मुलांचा बीएमआय सगळ्यात खाली जाऊन परत चढू लागतो ते वळण त्यांच्यात लवकर आलं आणि पुढे चढतच गेलं. त्यामुळे एका दिवशीचा एक आकडा बघून "गुटगुटीत आहे, छान आहे" किंवा "जाड आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही, रेघ कुठून कुठे चालली ते बघा. भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांचे तक्ते २०१५ मध्ये आलेत, डॉक्टरांना विचारून आपल्या पोराची रेघ काढून घ्या. आणि रोजचा एक तास, जो २०१० पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते आहे, तो नागपुरात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आतच काढावा लागतो, त्यानंतर ऊन लागेल म्हणून कूलरसमोरून कुणी हलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एक गंमत सांगते. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी २०१५ च्या आसपास मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यावरून गटात खेळवून बघायला सुरुवात केली, मोठ्यांना कसब वापरावं लागलं आणि लहान्यांना पुढे यायला जागा मिळाली. मी वाचलं आणि मला आखाडा आठवला. नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत पंच दाखला मागत नाही, दोघांना समोरासमोर उभं करून डोळ्यानं मापतो आणि जोड लावतो. तोलामोलाची जोड नसेल तर लोकच ओरडतात, बे ही जोड नाही लागत. हे शहाणपण आपल्या विदर्भात होतंच, शाळेच्या फॉर्मवर आलं नाही एवढंच.

त्या लहान्याला मी टीममध्ये घेतलं, राखीव म्हणून. आणि क्रीडा खोलीच्या खांबावर सगळ्या पोरांच्या नावानं पेन्सिलची रेघ मारायला लागले, दर तीन महिन्यांनी, बूट काढून, टाच खांबाला टेकवून. मुलांमध्ये उसळीच्या वर्षी ९-१० सेंटीमीटर वाढ होते, त्याची चाहूल आधी पायात लागते, चप्पल लहान होते, मग पँट आखूड, शर्ट सगळ्यात शेवटी. त्या वर्षांत गुडघ्याखाली पुढे हाडावर दुखतं, ऑसगूड आणि श्लाटर या दोघांनी १९०३ मध्ये वेगवेगळं लिहून ठेवलेलं तेच, बहुतेकांचं वाढ थांबली की जातं, पण तेव्हा उड्या कमी कराव्या लागतात, नाटक करतो म्हणून ओरडायचं नसतं.

जुलै ते ऑक्टोबर त्याची रेघ एक सेंटीमीटर सरकली. ऑक्टोबर ते जानेवारी एक. एप्रिलमध्ये परीक्षेच्या आधी बघितलं तर अडीच. त्यानं बूट हातात घेऊन विचारलं, "मॅडम, हे मागच्या महिन्यातच घेतले, चावून राहिले," आणि मग जरा लाजत, "गुडघा पण दुखते." मी म्हटलं दाखव कुठे, त्यानं बोट ठेवलं ते बरोबर त्याच जागी.