अनुक्रमणिकेत दोनदा आलेलं नाव

दिवाळी अंक हातात आला की कुणी आधी मुखपृष्ठ बघतं, कुणी राशिभविष्य. मी हल्ली थेट अनुक्रमणिका उघडतो. ही सवय आमच्या वाचनालयातल्या एका कपाटामुळे लागली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. तेव्हापासूनचे सगळे अंक आमच्याकडे आहेत असं मुळीच नाही, पण कपाट गच्च भरलेलं आहे. वाचक येऊन विचारतात, “अमक्यांच्या कथा कुठल्या कुठल्या अंकांत आल्यात हो?” ग्रंथपालबाई क्षणभर छताकडे बघतात आणि सांगतात. त्या निवृत्त व्हायच्या आत ही माहिती कॉम्प्युटरवर उतरवायचं काम मी अंगावर घेतलं. प्रोग्रामिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे दोन रविवारांत उरकेल असा माझा समज होता.

अंकाचं आणि प्रकाशकाचं नातं सोपं असतं. एका प्रकाशकाचे अनेक अंक, पण एका अंकाचा प्रकाशक एकच. अंकांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत प्रकाशकाचा क्रमांक लिहिला की झालं. लेखकांचं तसं नाही. एका अंकात तीस-चाळीस जण लिहितात आणि त्यातला प्रत्येक जण त्याच वर्षी आणखी चार अंकांत लिहून बसलेला असतो. मग कुणाचा क्रमांक कुणाच्या ओळीत लिहायचा?

नवखा माणूस इथे दोनपैकी एक गोष्ट करतो, मीही कॉलेजात केली होती. एक तर ‘लेखक १’, ‘लेखक २’, ‘लेखक ३’ असे रकाने पाडत जायचं. ते दहावर थांबवले तर अकरावा लेखक बाहेर राहतो आणि पन्नास केले तर बहुतेक रिकामे राहतात. किंवा मग एकाच रकान्यात स्वल्पविराम देत सगळी नावं कोंबायची. मग ‘जोशी’ शोधलं की महाराष्ट्रातले झाडून सारे जोशी समोर येतात, आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ व ‘कुसुमाग्रज’ ही दोन माणसं ठरतात.

खरा उपाय म्हणजे तिसरा तक्ता. एकात अंक, दुसऱ्यात लेखक आणि मधल्या तक्त्यात फक्त जोड्या. अंक ३१, लेखक ७. अंक ३१, लेखक १२. अंक ४०, लेखक ७. अंक ३१ मधले लेखक हवे असतील तर डाव्या रकान्यात ३१ शोधा, लेखक ७ चे अंक हवे असतील तर उजव्या रकान्यात ७ शोधा. अशा नात्याला धंद्यात ‘मेनी-टू-मेनी’, म्हणजे अनेकांचं अनेकांशी नातं, म्हणतात.

आज हे बाळबोध वाटतं, पण साठच्या दशकात ते तसं नव्हतं. त्या काळी माहिती बऱ्याचदा झाडासारखी साठवायचे, एका फांदीखाली दुसरी फांदी. आयबीएम या संगणक कंपनीने अपोलो चांद्रमोहिमेच्या सामानाचा हिशेब ठेवायला उभारलेली आयएमएस ही प्रणाली याच घराण्यातली. झाडात प्रत्येक पानाला फांदी एकच. पण एकाच जातीचा स्क्रू दहा ठिकाणी लागत असेल तर तो कुठल्या फांदीला टांगायचा?

एडगर कॉड हा संगणकशास्त्रज्ञ मूळचा इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होता, पुढे आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत गेला. जून १९७० मध्ये त्याचा जो निबंध छापून आला, त्यात याच दुखण्यावर बोट आहे. त्याने सुटे भाग आणि प्रकल्प असं उदाहरण घेतलं, आणि ही माहिती झाडांत किती प्रकारे मांडता येईल ते दाखवलं. भागांखाली प्रकल्प, प्रकल्पांखाली भाग, असे एकूण पाच प्रकार. एका मांडणीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या मांडणीवर चालेल याची खात्री नाही. कॉडचं म्हणणं असं, की फांद्या सोडा, सगळं सरळ तक्त्यांत मांडा आणि नातीही तक्त्यांतच ठेवा. त्याच निबंधातला एक बारकावा मला फार आवडतो. कुठल्या प्रकल्पासाठी कुठला भाग *किती* राखून ठेवलाय, हा आकडाही त्याच्या उदाहरणात आहे. हा आकडा एकट्या भागाचा नाही आणि एकट्या प्रकल्पाचाही नाही. तो त्या जोडीचा आहे. १९७६ मध्ये पीटर चेन या संगणकशास्त्रज्ञाने नात्यांच्या आकृत्या काढायची पद्धत मांडली, तेव्हा त्यानेही वेगळं उदाहरण देऊन हेच सांगितलं: कर्मचारी एखाद्या प्रकल्पाला आपला किती टक्के वेळ देतो, ही माहिती नात्याची असते.

एवढं सगळं ठाऊक असूनही मी माती खाल्लीच.

मी वापरलं जँगो. हे वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. नाव घेतलंय जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. बातम्यांच्या कचेरीत तयार झालेलं असल्यामुळे अंक-लेखक छापाची नाती त्याच्या हाडीमाशी खिळलेली आहेत. अंकाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या वर्णनात, ‘लेखक’ या नावाने एक मेनी-टू-मेनी फील्ड लिहायचं, एकच ओळ. मधला तक्ता जँगो आपणहून बनवतो, त्याला नाव देतो, दोन्ही बाजूंचे क्रमांक सांभाळतो. तुम्हाला तो दिसतसुद्धा नाही. रेल्स, लॅराव्हेल ही दुसरी फ्रेमवर्कंही थोड्याफार फरकाने हीच सोय देतात.

सोय झकास होती. आठवडाभरात मी एका अंकाची अनुक्रमणिका भरून बाईंना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावला, कपाटातून तोच अंक काढला आणि बोट ठेवत ठेवत खाली आल्या.

“यांचं नाव एकदाच कसं? कथा आहे, आणि पुढे ललितही आहे ना.”

खरंच होतं. अनुक्रमणिकेत ते नाव दोनदा होतं आणि मीही ते दोनदा भरलं होतं. पण जँगोच्या आपोआप बनलेल्या मधल्या तक्त्यात एक जोडी एकदाच राहू शकते. लेखक ७ आधीच अंक ३१ ला जोडलेला असेल तर पुन्हा जोडताना तो गपचूप काहीच करत नाही. कसली तक्रार नाही की लाल अक्षरं नाहीत. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. ‘हा लेखक या अंकात आहे का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर. वाचक विचारतो ते वेगळं. काय लिहिलंय, कुठल्या पानावर?

म्हणजे मी ज्याला दोन तक्त्यांमधला दोरा समजत होतो, ती मुळात स्वतंत्र वस्तू होती. तिला शीर्षक आहे, पान आहे, कथा-कविता-ललित असा प्रकार आहे. तिला मी नाव दिलं ‘लेखन’, आणि जँगोला सांगितलं की मधला तक्ता तू बनवू नकोस, हा घे. जँगोत ही मुभा ‘थ्रू’ या शब्दाने मिळते, सप्टेंबर २००८ च्या १.० आवृत्तीपासून. त्याच्या अधिकृत माहितीपानांवर यासाठी बीटल्सचं उदाहरण आहे. माणूस, बँड आणि मध्ये सदस्यत्व. रिंगो १६ ऑगस्ट १९६२ ला आला, कारण नवा ड्रमवाला हवा होता. तारीख आणि कारण, दोन्ही सदस्यत्वाच्या ओळीत. कॉडच्या ‘किती राखून ठेवलं’चंच हे धाकटं भावंड.

आता इथे एक खड्डा आहे. साधं फील्ड आधी करून ठेवलं आणि नंतर ‘थ्रू’ लावलं की जँगो स्पष्ट नकार देतो: मेनी-टू-मेनीत असा बदल करता येणार नाही. पळवाट आहे, जुना तक्ता नव्या मॉडेलच्या नावावर करून द्यायचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखं. जमीन तीच, फक्त नोंद बदलते. पण भरलेल्या डेटाबेसवर हे करताना हात कापतो. त्यामुळे माझं मत आता असं झालंय की मधल्या तक्त्याला द्यायला एखादं नाम सुचत असेल, ‘लेखन’, ‘प्रवेश’, ‘सदस्यत्व’, ‘नेमणूक’ असं काहीही, तर तो पहिल्या दिवसापासून आपल्या हाताने लिहावा. फक्त ‘हे त्याला जोडलंय’ एवढंच म्हणायचं असेल, जसं पुस्तकाला लावलेले विषय, तर जँगोचा आयता तक्ता पुरतो.

मधला तक्ता हातात आल्यावर प्रश्न विचारण्यातही जपावं लागतं. लेखक ७ ची कथा असलेले अंक हवे होते. मी आधी लेखकाची अट घातली, मिळालेल्या यादीवर पुन्हा कथेची अट घातली. उत्तरात असे अंक आले ज्यांत लेखक ७ ची कविता होती आणि कथा भलत्याचीच! कारण दोन अटी वेगवेगळ्या लावल्या की जँगो त्या मधल्या तक्त्यातल्या दोन वेगळ्या ओळींवर पुऱ्या झाल्या तरी चालवून घेतो. दोन्ही एकाच कंसात दिल्या तर एकाच ओळीवर दोन्ही लागू व्हाव्या लागतात. शिवाय एका लेखकाच्या दोन कथा असल्या तर तोच अंक यादीत दोनदा येतो, तो वेगळा निस्तरायचा.

वेगाचं गाऱ्हाणं थोडक्यात सांगतो. पानावर चाळीस अंक आणि प्रत्येकाखाली त्याचे लेखक दाखवायचे असले, तर बेसावध प्रोग्राम डेटाबेसकडे एक्केचाळीस खेपा मारतो. शिपायाला एकेक चिठ्ठी देऊन चाळीस वेळा कपाटापर्यंत पिटाळावं तसं. २०१२ पासून जँगोत सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून एकदाच पाठवायची सोय आहे. तेवढी वापरली की काम दोन-तीन खेपांत होतं.

‘लेखन’ तक्ता तयार झाला, बाई खूश झाल्या आणि पुढच्याच अंकात एक मुलाखत निघाली. मुलाखत घेणारा एक, देणारा दुसरा. त्यापुढे अनुवादित कथा, तिला मूळ लेखक वेगळा आणि अनुवादक वेगळा. म्हणजे एका लेखनाची माणसं अनेक, आणि एका माणसाची लेखनं अनेक. पुन्हा तेच नातं, एक मजला खाली. इथे चौथा तक्ता आला, ‘सहभाग’. त्यात लेखनाचा क्रमांक, माणसाचा क्रमांक आणि भूमिका: लेखक, अनुवादक, मुलाखतकार. ‘लेखक’ हे तक्त्याचं नावही बदलून ‘व्यक्ती’ करावं लागलं, कारण मुलाखत देणारा तबलजी काही लेखक नव्हे.

दोन रविवारांचे पाच महिने झालेत. परवा बाईंनी अंक मिटून मुखपृष्ठ माझ्यासमोर धरलं. “चित्रकार कुठे घातलाय? त्यांना पान क्रमांक नसतो.”

मी ‘लेखन’ तक्त्यातला पानाचा रकाना रिकामा चालेल असा केला. तक्त्याचं नाव मात्र आता चुकल्यासारखं वाटतंय.